चार कॅटलॉग बरतरफ केल्याची बखर

हुजूर मोठ्या साहेबांचे सेवेशी. इस्पितळाचे दफ्तरी बसणाऱ्या कारकुनाने हात जोडोन लिहिली विज्ञापना ऐशी जे, साहेबीं आज्ञा केली की, क्लस्टरावर जे अरिष्ट आले आणि त्याचा जो बंदोबस्त जाहला, त्याचे वर्तमान साद्यंत लिहोन पाठवावे, कोणाची भीड धरू नये आणि पाल्हाळ लावू नये. त्यास, भीड धरली नाही. पाल्हाळाविषयी खातरजमा देववत नाही.

प्रथम मुलखाची हकीकत. तिसऱ्या मजल्यावर, चादरींच्या कोठीस लागोन, एक थंडगार खोली आहे, आणि तीत बारा संगणक एकजुटीने उभे आहेत, त्या जमावास क्लस्टर म्हणतात. त्याचे पोटी कंटेनर नावाचे बंद डबे आठही प्रहर चाकरी करितात. कोणी रक्ततपासणीचे रिपोर्ट वॉर्डांत पोहोचवितो, कोणी औषधांची नोंद राखितो, आणि कोणी नुसताच इतर डब्यांवर नजर ठेवून असतो, जैसे प्रत्येक कचेरीत कोणी ना कोणी असतोच. या किल्ल्याची किल्लेदारी एका बाईंकडे. चष्मा कपाळावर, आणि तो कोठे ठेविला याचा शोध दिवसातून दोन वेळ. खात्यातील लहानथोर त्यांस ताई म्हणत, सबब या बखरीतही ताईसाहेब ऐसेच लिहिले आहे.

आता क्लस्टरास नवे काम शिकवावयाचे तर त्यास पुरवणी बसवावी लागते. पुरवण्या कोणकोणत्या मिळतात हे सांगणाऱ्या चार याद्या, ज्यांस कॅटलॉग म्हणतात, त्या क्लस्टराच्या जन्मापासोन त्याचेसोबत आल्या होत्या. चौघांत मिळोन पुरवण्या शेकड्यांनी. काही मातबर कारखान्यांच्या, आणि काही कोणी कोठे बसोन केल्या त्याचा ठाव ना ठिकाणा. मनास येईल ती निवडावी, बटण दाबावे, मग ती बाहेरील जगातून उतरोन कामास लागे, आणि कोण तू, कोठली, ऐसे तिजला पुसणारा कोणी नव्हता.

ऐशा मोकळ्या मैदानात हौशीराव नामे सरदार आनंदाने संचार करीत होते. हे खात्याचे प्रोग्रॅमर. खरे नाव हजेरीपटावर आहे, परंतु हाक मारतेसमयी ते कोणास आठवत नाही. माणूस दिलाचा साफ, हाताचा चपळ, आणि नवी पुरवणी दिसली की हात आवरत नसे. एका महिन्यात त्यांनी अकरा पुरवण्या बसविल्या. पैकी एक ऐशी होती की, क्लस्टराचा श्वासोच्छ्वास सात रंगांच्या आलेखात दाखवी, आणि तिजला हौशीरावांनी कायमचा परवाना दिला होता की, नवी आवृत्ती निघाली तर आपली आपण चढवून घ्यावी, आम्हांस विचारू नये.

मग मंगळवारी दोन प्रहरी त्या पुरवणीने न विचारता नवी आवृत्ती चढविली, आणि ती आवृत्ती ऐशी खादाड निघाली की, तिने शेजारच्या डब्यांची जागा बळकाविली, आणि रिपोर्ट पोहोचविणारा डबा कोपऱ्यात दबोन निपचित पडला. क्लस्टरावर गिल्ला नाही, घंटा नाही. वर्तमान आले ते फोनावरोन. ताईसाहेबांची धाकटी बहीण सातव्या मजल्यावर मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे, तिचा फोन.

"ताई, अगं, सात नंबरच्या मुलीचा रक्ताचा रिपोर्ट दिसत नाहीये. लॅबवाले म्हणतात, केव्हाच पाठवला."

"किती वेळ झाला?"

"वीस मिनिटं. डॉक्टर त्याच्यावाचून सलाइन बदलत नाहीयेत. तिची आई माझ्या तोंडाकडे बघत बसलीय गं."

"तू खाली लॅबमध्ये जा आणि कागदावर लिहून आण. मी बघते इथलं."

लिफ्ट स्ट्रेचराने अडविली होती. मग सिस्टरबाई सात मजले जिन्याने उतरल्या आणि रिपोर्टाचा कागद मुठीत धरोन सात मजले चढल्या, आणि डॉक्टरांनी कागद पाहोन सलाइन बदलिले. मुलगी सुखरूप राहिली. इकडे ताईसाहेबांनी ती खादाड पुरवणी हुडकोन बंद केली, तेव्हा रिपोर्टाचा डबा उठोन उभा राहिला तो चाळिसावे मिनिटी. ताईसाहेबांनी मग खुर्चीस पाठ टेकिली.

हौशीराव आपणहोन समोर येवोन उभे राहिले. "ती पुरवणी मी बसवली होती," ऐसे म्हणाले. ताईसाहेब रागे भराव्या, परंतु इतकेच बोलिल्या, "बसवता येत होती, म्हणून बसवलीस. ते दार उघडं कोणी ठेवलं? मी." हे ऐकोन हौशीराव अधिकच खजील जाहले. शिव्या खाल्ल्या असत्या तर बरे, ऐसे त्यांचे मनात आले.

दुसरे दिवशी साहेबांचे दालनात खलबत बसले आणि हुकूम जाहला की, येथून पुढे जी पुरवणी तपासोन मंजूर केली तीच क्लस्टरात यावी, बाकी कोणी येऊ नये, आणि याचा बंदोबस्त आठ दिवसांत करावा. ताईसाहेबांनी हुकूम मस्तकी धरिला आणि मोहिमेस निघाल्या, म्हणजे आपल्या खुर्चीवर जावोन बसल्या.

पहिला हल्ला बुधवारी. ताईसाहेबांनी चारही कॅटलॉग स्वहस्ते पुसोन टाकिले, यादी रिकामी पाहिली, आणि विजयी मुद्रेने चहास गेल्या. परत येतात तो हौशीराव दारात.

"ताई, परत आलेत."

"कोण?"

"चौघंही."

मग ताईसाहेबांनी दुसरे वेळेस पुसिले, आणि चहास न जाता तेथेच ठाण मांडोन बसल्या, तो डोळ्यांदेखत चौघे पुन्हा उभे ठाकले, जैसे काही जाहलेच नाही. तिसरे वेळेस नेट लावोन पुसिले, जणो बोट जोरात दाबिल्याने पुसणे पक्के होते. चौघे पुन्हा हजर. ताईसाहेब हैराण. घरी जेवताना यजमानांनी भाजी वाढू का पुशिले, त्यास "परत येतात रे," ऐसे उत्तर दिले. यजमानांनी विचार करोन भाजी वाढिली.

गुरुवारी ताईसाहेबांनी चष्मा शोधिला, आणि क्लस्टराचे पुस्तक उघडिले, जे पहिले दिवशीच उघडावयाचे होते. त्यात लिहिले होते की, किल्ल्यात एक कारभारी डबा तैनात आहे, आणि चार मूळ कॅटलॉग जागेवर राखणे हेच त्याचे काम. कोणी पुसिले तर तो निमूट परत मांडितो. बिचारा इमानाने चाकरी करीत होता, आणि ताईसाहेब त्याचेशी तीन वेळ झुंजल्या होत्या. त्यास पुसणे नको, हुकूम हवा. तो हुकूम एका ओळीचा: मूळचे सर्व कॅटलॉग बंद. ताईसाहेबांनी ओळ लिहिली, दोन वेळ वाचिली, आणि रवाना केली. चौघे गेले. ताईसाहेब व हौशीराव अर्धा तास पडद्याकडे टक लावोन बसले. कोणी परत आले नाही.

"एका ओळीचं काम होतं," हौशीराव हळूच बोलिले.

"हो. आणि कोणाला सांगू नकोस."

(साहेबीं भीड न धरण्याची आज्ञा केली, सबब येथे लिहिले आहे.)

परंतु दार लावोन भागत नाही. क्लस्टर आता रिकाम्या यादीकडे पाहात होते, आणि आधीच बसलेल्या पुरवण्या तर आत तशाच होत्या, त्यांस पुढील आवृत्ती देणारा मात्र कोणी उरला नाही. मग ताईसाहेबांनी स्वतःचा कॅटलॉग रचण्याची तजवीज केली, आणि हौशीरावांकडोन यादी मागविली की, कोणकोणत्या पुरवण्या ठेवाव्या आणि कशासाठी. हौशीरावांनी एक्केचाळीस लिहोन आणिल्या. दोघे टेबलास समोरासमोर बसले आणि एकेक नाव पुकारू लागले.

"ही कशाला?"

"छान आहे ती."

"काय करते?"

हौशीरावांनी यादी वरखाली करोन पाहिली. "आठवत नाहीये," ऐसे कबूल केले, आणि स्वहस्ते काट मारिली. ऐशा रीतीने बत्तीस पडल्या. सात रंगांच्या आलेखावर काट मारिताना हौशीरावांनी एक वेळ वर पाहिले, आणि मारिली.

मग तेथे एक विलक्षण गोष्ट घडली. क्लस्टरात बसलेल्या पुरवण्यांची झडती घेता, एक ऐशी सापडली की, ती पडद्यामागे फुलांची चित्रे दाखवी, दर सोमवारी नवे फूल. बसविणाराचे नाव पाहाता, खुद्द ताईसाहेब. हौशीरावांनी खिडकीबाहेर पाहिले. माणूस सभ्य.

"मला ते जांभळं आवडायचं," ताईसाहेब बोलिल्या, आणि ती काढोन टाकिली.

नऊ पुरवण्या उरल्या. त्यांच्या प्रती इस्पितळाच्या आपल्या कोठारात आणोन ठेविल्या, प्रत्येकीची आवृत्ती कायम केली, आपण होवोन चढण्याचे परवाने रद्द केले, आणि नऊ जणींस नव्या कॅटलॉगाचे ताबेदारीत दिले. सोमवारी प्रातःकाळी कॅटलॉग सुरू करावयास गेले तो उठेना. अर्धा दिवस गेला. कोठाराच्या पत्त्यात एक अक्षर उलटे पडले होते. ते हौशीरावांनी हुडकिले, आणि त्यांचे चेहऱ्यावर आठवड्यात प्रथमच रंग आला. मग कॅटलॉग उठला, आणि परीक्षेसाठी हौशीरावांनी बाहेरील एक पुरवणी मागोन पाहिली, तो उत्तर आले की, ऐशी कोणी येथे नाही. दोघांनी ते उत्तर मोठ्या आवडीने तीन वेळ वाचिले.

मोहीम फत्ते जाहली, आणि कॅटलॉगाचे दारावर कोणास नेमावे ऐसा प्रश्न पडला असता ताईसाहेबांनी हौशीरावांचे नाव सुचविले. साहेबांच्या भुवया वर गेल्या. ताईसाहेबांनी अर्ज केला की, कोणकोणत्या फटीतून आत येता येते हे त्यांचेइतके कोणास ठाऊक नाही. नेमणूक जाहली.

नव्या अमलात पहिली अर्जी दाखल जाहली ती ताईसाहेबांचीच. एक पुरवणी मागितली होती, आणि कारणाचे रकान्यात "लागेल" ऐसे लिहिले होते. हौशीरावांनी अर्जी नामंजूर करोन परत पाठविली, खाली मखलाशी: कारण स्पष्ट लिहावे. ताईसाहेबांनी कागद पाहिला, पेन घेतले, आणि लिहिले की, रिपोर्टाचा डबा थांबला तर एका मिनिटात आपणांस कळावे, म्हणजे वॉर्डातल्या सिस्टरला फोन करावा लागणार नाही आणि जिना उतरावा लागणार नाही.

हौशीरावांनी ते उभ्याउभ्याच वाचिले. मग खुर्चीवर बसोन पुन्हा वाचिले, पुरवणी दोन दिवस तपासिली, आणि मंजूर केली.

येणेप्रमाणे मूळ कॅटलॉग चार बरतरफ, नवा कॅटलॉग एक कायम, पुरवण्या दहा, आणि रिपोर्टाचा डबा मुक्काम आपले जागी चालता. जे जाहले ते लिहिले, अधिक लिहावे तर साहेबांस दुसरीही कामे आहेत. कारकुनाची सही असे.