तीन पन्हळींची फळी

"या गावात सरळ जाणारी एकच वस्तू आहे, आणि ती मी बनवलीय!" सबीरकुलनं सकाळी सहा माणसांसमोर जाहीर केलं. सहापैकी चौघं त्याच्याच घरची होती, त्यामुळे त्यांना बसून ऐकणं भाग होतं.

सबीरकुल मूळचा कोळशाच्या खाणीतला सुतार. खाण बंद पडली आणि त्याचं डोकं सुरू झालं. बर्फावरून घसरायच्या फळ्या, ज्यांना राजधानीतली, बिश्केकची पोरं स्नोबोर्ड म्हणतात, त्या तो गोठ्यात बनवू लागला. गाय पडवीत आली. तिथून तिचं तोंड थेट स्वयंपाकघराच्या खिडकीत येई. त्याची बायको बुरुल दोन हिवाळे तिच्या नजरेला नजर देऊन भांडी घासत होती.

फळी काय, कुणीही कापेल. सबीरकुलचा जीव अडकला होता तिच्या तळात. पहिलीचा तळ त्यानं नावेसारखा फुगीर केला. ती भोवऱ्यासारखी फिरली. दुसरीचा परातीसारखा खोलगट केला. तिच्यात एवढा बर्फ भरला, की तीच सबीरकुलच्या पाठीवर बसून खाली आली. तिसरीच्या तळाला लांबीनं तीन पन्हळी कोरल्या. गोठ्यामागच्या उतारावर ती बाणासारखी सुटली!

"रविवारी उलारला हरवा," बुरुल म्हणाली. उलार तिचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे कुणा परदेशी पाहुण्यानं टाकून दिलेली फळी होती. "हरवलंत तर गोठा तुमचा. नाहीतर गाईचा."

"आणि मी?"

"पडवी रिकामी होतेय ना!"

शर्यत सोपी होती. टेकडीवरून निघायचं, वाकड्या झाडापाशी उजवीकडे वळायचं, गावच्या न्हाणीघराच्या, म्हणजे हमामाच्या दाराला हात लावायचा. मात्र पोचायचं फळीवरूनच.

"दाजी, वळवून बघितलीत ना एकदा?" उलारनं माथ्यावर विचारलं.

"बाण कधी वळतो का रे?"

गोठ्यामागच्या उताराला वळणच नव्हतं, हे सबीरकुलला निघाल्यावर आठवलं.

तो चाळीस हात पुढे होता. झाड आलं. झाड गेलं. उलार उजवीकडे वळला. सबीरकुलही वळला, पण कमरेपासून वर. फळी सरळ निघाली ती एक कुंपण आणि एक गवताची गंज पार करून काकिश आजीच्या अंगणात थांबली.

"आलास का बाळा!" आजी म्हणाली. गंजीचं तिनं नावही काढलं नाही. "नान आत्ताच तंदुरातून निघालाय. चाखल्याशिवाय जायचं नाही."

"आजी, शर्यत चाललीय!"

"मग बसून खा. घाईत घशात अडकतो."

दारी आलेल्यानं नानचा तुकडा न मोडता निघणं म्हणजे त्या घराचं वाईट चिंतणं. सबीरकुलनं तुकडा मोडला. मग साय आली, जर्दाळूचा मुरंबा आला, आजीच्या गुडघ्याची हकिकत आली. शेवटी तो पुन्हा फळीवर चढला. खालचं घर जुन्या मास्तरांचं होतं, आणि फळी सरळ जाते हे सांगून झालंच आहे.

"ये!" मास्तर दरवाजाचे तुकडे बाजूला करत म्हणाले. "घर्षण शिकवलं तेव्हा तू गैरहजर होतास, नाही का?"

नान आला. पाठोपाठ चहा आला, अर्धा पेला. पेला भरून दिला की समजायचं, आता उठा. मास्तर सभ्य माणूस. त्यांनी सात वेळा अर्धाच दिला.

सबीरकुल हमामाशी पोचला तेव्हा उलार दारात केस पुसत उभा होता.

"दाजी, घ्या उरकून. पाणी अजून कोमट आहे."

संध्याकाळी गाय गोठ्यात परतली. बुरुलनं ती परातीसारखी फळी उलटी करून तिच्यापुढे ठेवली आणि आंबोण ओतलं. गाईनं चाटून पुसून संपवलं. थेंब बाहेर सांडला नाही.

"ही मात्र छान जमलीय हो!" बुरुल म्हणाली. दोन हिवाळ्यांतलं हे पहिलंच कौतुक.

मग ती भांडी घासायला आत गेली. सबीरकुल पडवीतच होता. स्वयंपाकघराची खिडकी इथून अगदी तोंडासमोर येते, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.