दोन दारांची शांतता

"मागे बसणाऱ्याला किती त्रास होईल?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

सेल्समनला प्रश्न नेहमीचाच वाटला. "अजिबात नाही साहेब! या लाल गाडीत पुढची सीट एका हाताने सरकते, चढायला पायरी आहे, मागे दोन काय, तीन माणसं मजेत बसतील."

"मग ही नको," डॉक्टर म्हणाले.

लाल आणि हिरवी अशा दोन गाड्या सकाळी सकाळी डॉक्टरांच्या बोळात येऊन उभ्या होत्या. दोन्ही दोन दारांच्या, दोन्ही डोंगर चढणाऱ्या आणि दोन्ही अगदी बेस मॉडेल, म्हणजे काचा हाताने फिरवायच्या आणि गाणी आपली आपण म्हणायची. घर ते दवाखाना हा रस्ता मात्र गुळगुळीत डांबरी होता. वाटेत डोंगर म्हणावं असे फक्त दोन स्पीडब्रेकर. "तेवढ्यासाठी फोर व्हील ड्राइव्ह?" असं बायकोने विचारलं, तेव्हा "गाडी कशी दणकट हवी," एवढंच डॉक्टर पुटपुटले होते.

खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. गेली दोन वर्षं डॉक्टरांच्या गाडीत रोज तिघंजण बसत. शेजारचे निवृत्त हेडमास्तर पोहायला जात आणि प्रत्येक स्पीडब्रेकरआधी "क्लच!" असं ओरडत. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई कपड्यांची गाठोडी घेऊन दुकानात जात आणि कुणाच्या ब्लाउजचं काय बिनसलं ते इत्थंभूत सांगत. आणि डॉक्टरांची सख्खी आत्या वाचनालयात जाई आणि काल वाचलेली खुनाची गोष्ट खुन्याच्या नावासकट सांगून टाके. डॉक्टरांना हवी होती फक्त अर्ध्या तासाची शांतता. पण लोकांच्या तोंडातून दाढा उपटणाऱ्या या माणसाला स्वतःच्या तोंडातून "नाही" काढता येत नव्हतं. ते काम त्यांनी गाडीवर सोपवायचं ठरवलं होतं.

"हिरवीचं काय?"

सेल्समनचा आवाज पडला. "खोटं कशाला बोलू साहेब, हिच्यात मागे जरा अडचण आहे. पायरी नाही, जागा कमी. वर छतसुद्धा कापडी."

"वा!" डॉक्टर म्हणाले. "बघू तरी किती अडचण आहे."

अडचण भरपूर होती. आधी एक पाय, मग डोकं, मग पोट, मग राहिलेला पाय अशा हप्त्यांनी डॉक्टर आत पोहोचले. गुडघे हनुवटीला लागले. इथे हेडमास्तर मावणं शक्य नाही, या विचाराने त्यांना भरून आलं. तेवढ्यात पुढची सीट खाडकन मागे आली. सेल्समनने खटका ओढला, तर तो त्याच्या हातातच आला.

"घाबरू नका साहेब, मेकॅनिकला फोन लावतो. इथे रेंज नाही, आलोच!" दार लोटून तो बोळाच्या तोंडाकडे पळाला.

डॉक्टर कसले घाबरतात! घाबरले ते समोरून येणाऱ्या तिघांना पाहून. निघायची वेळ झाली होती. या अवस्थेत सापडलो तर हेडमास्तर जन्मभर सांगत सुटतील, या भीतीने डॉक्टर सीटमागे जमेल तेवढे खाली घसरले. तिघंही येऊन नेमकी हिरवीलाच टेकून उभी राहिली.

"ही बघा, दोनच दारं," आत्या म्हणाली. "ही घेतली तर सुटलो बाई आपण!"

डॉक्टरांनी कान टवकारले.

"मला तर तलाव घरामागेच आहे," हेडमास्तर म्हणाले. "रोज गाडीने लांबच्या तलावावर जायचं आणि बसने परत यायचं. वर क्लच क्लच ओरडून घसा बसतो."

"मग ओरडता कशाला?"

"अहो, त्याशिवाय ते बोलतच नाहीत! चिडून का होईना, 'माहीत आहे मला' असं म्हणतात तरी."

"मीसुद्धा ब्लाउजच्या गोष्टी कुठून आणू?" शिंपीणबाई म्हणाल्या. "निम्म्या तर मनाच्या सांगते. पण त्यांची लेक नोकरीला लांब गेली तेव्हा डॉक्टर कसे झाले होते, आठवतं ना? त्याआधी रोज तिला कॉलेजला सोडायचे. मग रिकाम्या सीटकडे बघत दवाखान्याखाली गाडीतच बसून राहायचे. वहिनींनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं, कुणीतरी बसा हो त्यांच्याबरोबर."

"आता बरा आहे," आत्या म्हणाली. "पण आपण थांबलो आणि पोर पुन्हा गप्प झालं तर?"

आत डॉक्टरांचा पाय मुंग्या येऊन बधिर झाला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. पायाला मुंग्या आल्याने डोळ्यांत पाणी येत नाही, हे डॉक्टर असल्याने त्यांना माहीत होतं. त्यांनी नाक ओढलं.

"गाडीत कोण आहे?" हेडमास्तर ओरडले.

पुढचा प्रकार फार आदबीने झाला नाही. हेडमास्तरांनी दारातून हात घालून डॉक्टरांचा पाय धरून ओढला, तर नुसता बूट हातात आला. शिंपीणबाईंनी गाठोड्यातून कात्री काढली. "छत कापते, मग शिवून देते. जोड दिसणारसुद्धा नाही." "बाई, कंपनीची गाडी आहे!" म्हणत सेल्समन धावत आला. "ओढू नका, तो लहानपणीही असाच कपाटात अडकला होता," आत्या म्हणाली. गलका ऐकून डॉक्टरांची बायको बाहेर आली. तिने गाडीमागची भिंत पाहिली आणि सेल्समनला म्हणाली, "हातभर पुढे घ्या आणि मागचं डिकीचं दार उघडा."

सेल्समनने निमूटपणे तसं केलं. डॉक्टर एका बुटावर बाहेर आले.

"किती वेळ होतात आत?" हेडमास्तरांनी बूट परत करत सावधपणे विचारलं.

"बराच वेळ."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बायकोने जमिनीकडे पाहिलं. सेल्समनने मात्र संधी साधली. "मग हिरवी नक्की करू साहेब? मागे कुणी बसू शकत नाही, याची खात्री तर झालीच!"

"लाल," डॉक्टर म्हणाले. त्यांना अजून बरंच बोलायचं होतं, पण ते बायकोला एवढंच म्हणाले, "तुझे फार उपकार आहेत गं." ती म्हणाली, "आधी बूट घाला."

पंधरवड्याने लाल गाडी दारात आली. पहिल्या सकाळी तिघंही आपापल्या दारात घुटमळली. "नको डॉक्टर, उगाच तुम्हाला त्रास," हेडमास्तर म्हणाले.

"नाही," डॉक्टर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तो शब्द जमला होता. "यायचंच."

आत्या पुढे बसली, बाकीची दोघं गाठोड्यांसकट मागे. सगळं उघड झाल्यामुळे आता कुणाला बोलायची गरज उरली नव्हती, म्हणून कुणीच बोललं नाही. आत्याने पुस्तक उघडलं. शिंपीणबाई डुलक्या घेऊ लागल्या. डॉक्टरांना हवी होती तीच शांतता गाडीत भरून राहिली. ती थोडा वेळ बरी वाटली. मग त्यांना चुकल्यासारखं होऊ लागलं. पहिला स्पीडब्रेकर तसाच गेला. दुसरा दिसायला लागला, तसे ते आरशात पाहू लागले.

हेडमास्तरांनी घसा खाकरला.

"क्लच," ते हळूच म्हणाले.

"थँक्यू," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी क्लच दाबला.