साठावा फॉर्म

आमची सून भाजी घ्यायला गेली की भाजीवालीला आधी तिचं जन्माचं नाव विचारते, मग मेथीचा भाव. मोशीच्या बाजारात तिला आता सगळ्याजणी ओळखतात. लांबून पिशवी दिसली तरी एखादी सांगून टाकते, "बाई, माझं मागच्या आठवड्यात झालंय." मेथी मात्र तिला निवडक मिळते, हे मी खाऊन सांगतो.

मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. पास की नापास ते विचारू नका. अक्षराला अक्षर लावून वाचतो, पण वाचतो. त्यामुळे आमच्या स्वातीबद्दल लिहायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो. गावात तिच्याबद्दल माझ्याइतकं कोणी बोलत नाही, आणि बोललं तर मी दुरुस्त करतो.

ती परळीकडची. बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आली. बारावी झालेली होती, पण आल्या आल्या चुलीशी लागली. माझा मुलगा चाकणला कंपनीत, कधी फर्स्ट शिफ्ट, कधी सेकंड. नातीची बारावी झाली त्या उन्हाळ्यात सून माझ्यापुढे येऊन उभी राहिली. म्हणाली, अण्णा, मी पण कॉलेजला जाऊ का? सरकारी कॉलेज आहे, लहानसं आहे, समाजशास्त्राला जागा आहेत. मी म्हणालो, समाज तर आपल्या ओट्यावर दिवसभर बसलेला असतो, त्याला शिकायला बसनं कशाला जायचं? ती म्हणाली, "त्यो असा का बसलाय, ते बघायचंय." मला उत्तर आवडलं. मुलगा कुरकुरला, त्याला मी गप्प केलं.

तिसऱ्या वर्षाला प्रकल्प असतो. हिनं विषय घेतला, लग्नात बदललेली बायकांची नावं. साठ बायकांना गाठायचं, साठ फॉर्म भरायचे. प्रश्न तीनच. जन्माचं नाव काय? ते कोणी बदललं? आता त्या नावानं कोण हाक मारतं? मी म्हणालो, ह्यात शास्त्र कुठं हाय? तर मला दोन नियम ऐकवले. एक, उत्तर देणाऱ्याला काही सुचवायचं नाही. दोन, एकदा लिहिलं की खोडायचं नाही. हे दोन नियम तिनं घरातसुद्धा लावले. जेवताना मी म्हणालो की भाजीला मीठ बरोबर आहे, आणि नंतर कमी वाटलं, तर मीठ मिळत नसे. एकदा सांगितलं ना, अण्णा.

आमच्या गल्लीत एक आजी आहेत, नव्वदीला टेकलेल्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, आठवत न्हाई बाई. हिनं तसंच लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी काठी टेकत आमच्या दारात. "ठकू," म्हणाल्या. "रात्रभर आठवत व्हते. माझं नाव ठकू व्हतं." नव्वद वर्षांची बाई लाजत होती. पण आमच्या सूनबाईंनी 'आठवत नाही' खोडलं नाही. बाजूच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात 'ठकू' लिहिलं, आणि आजींना चहा दिला. तेव्हापासून आजी आमच्या दारावरून जाताना मुद्दाम खोकतात. ही आतून हाक मारते, ठकूआजी, या की. मग त्या पुढे जातात. चहासुद्धा नको असतो त्यांना.

एकोणसाठावा फॉर्म नव्या सोसायटीत सातव्या मजल्यावर. लिफ्ट बंद, जिना नुकताच धुतलेला. उतरताना घसरली. घोटा मोडला, पण कागद छातीशी धरून पडली, एकही भिजला नाही. मी हे गावात सगळ्यांना सांगितलं आहे. मुलाचं म्हणणं वेगळं. तो म्हणाला, प्रकल्प मंजूर झाला नाही तर आता बस्स झालं कॉलेज, हातपाय मोडून शिकायचं वय आहे का? ती फॉर्म नीट लावत बसली. माहेरी होती तोवर भांडली असती.

मंजूर झालेल्यांची यादी कॉलेजच्या फळ्यावर लागायची होती. फोनवर विचारता आलं असतं. पण मी म्हणालो, फोनचं मला सांगू नका, डोळ्यांनी बघून येतो. धुतलेला सदरा घातला आणि बस धरली.

यादीत चौदा नावं होती. बोट ठेवून वाचली. स्वाती नाही. खालून वर वाचली. नाही. माझं डोकं फिरलं. ऑफिसात जाऊन क्लार्कला म्हणालो, "साठ घरं हिंडली ती, पाय मोडून घेतला, आन् तुम्ही नाव गाळता? मी हितनं हलत न्हाई." आणि त्याच्या टेबलासमोर बसलो. तो पोरगा शांत होता. म्हणाला, "बाबा, इथं दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव असतं. ते काय आहे त्यांचं?"

 बावीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिचं नाव मला सांगता येईना.

तेवढ्यात तिच्या मॅडम आल्या. चौकशी केली आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही सत्यभामाताईंचे सासरे का? पाय कसा आहे त्यांचा?"

यादीत पहिलंच नाव ते. जोडाक्षर म्हणून माझं बोट तिथंच सगळ्यांत जास्त वेळ थांबलं होतं. कोणाची तरी लेक पुढे गेली, असं मनात म्हणून मी खाली सरकलो होतो.

आणि मग आठवलं. नाव मीच बदललं होतं. घरात तेव्हा माझी एक चुलती होती, सत्यभामा, तोंडाची फार तिखट. त्या नावाची आणखी एक नको, म्हणून मी मुलाला सांगितलं, ताटातल्या तांदळात स्वाती लिही. एवढंच कारण. चुलती पुढच्याच वर्षी गेली.

माफी मागायची मला सवय नाही. क्लार्कला बाहेर नेऊन चहा पाजला. मॅडम जाता जाता बोलल्या, पाय मोडल्यावर साठावी बाई मिळेना, तेव्हा ताईंनी स्वतःचाच फॉर्म भरला.

घरी आलो. ती पाय स्टुलावर ठेवून शेंगा निवडत होती. मंजूर झाला, पहिलं नाव आहे, म्हणून सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. मग मी म्हणालो, साठावा फॉर्म दाखव. तिच्याकडे प्रती होत्या. थोडी थांबली, पण दिला.

जन्माचं नाव: सत्यभामा. कोणी बदललं: सासरे. आता त्या नावानं कोण हाक मारतं: आई होती तोवर आई. आता कोणी नाही.

वाचायला मला वेळ लागला. तिनं घाई केली नाही.

कागद तिच्या हातात दिला, चप्पल परत घातली आणि फाटकाबाहेर गेलो. बाहेरून आल्यासारखी हाक मारली. "सत्यभामा, हायेस का घरात?"

 मी पुन्हा हाक मारली. जरा मोठ्यानं, कारण समोरच्या ओट्यावर माणसं होती आणि त्यांनीही ऐकावं असं मला वाटत होतं.

"हाय की, अण्णा," ती म्हणाली. 

आत गेलो तर ती फॉर्मवर वाकलेली. 'आता कोणी नाही' वर आडवी रेघ मारली होती, आणि पुढे काहीतरी लिहीत होती.

मी म्हणालो, "एकदा लिहिलं की खोडायचं न्हाई ना?"

तिनं मान वर केली नाही. "उत्तर देणाऱ्याला काही सुचवायचं नसतं, अण्णा."