दोन मार्कानं दुसरा

आमचे रामटेके काकाजी ओळख करून देताना स्वतःचं नाव आधी सांगत नाहीत. लग्नाच्या पंगतीत शेजारी नवा पाहुणा बसला, दवाखान्याच्या रांगेत कोणी भेटलं, बँकेत नवा साहेब आला, की हात जोडून म्हणतात, "दोन मार्कानं दुसरा. यशवंत रामटेके, कारधा."

समोरचा गोंधळतो. गोंधळलेला माणूस काय विचारणार? "मग पहिला कोण?"

झालं! काकाजींची गाडी सुटली. "देवाजी बावणे! पुलाजवळ मच्छी विकते ना, तोच. गणितात सत्त्याण्णव! इंग्रजी तं असं लिवे का गुरुजीच डिक्शनरी पाहेत." पुढची दहा मिनिटं हेच. एकदा तर मयतीतही चाललं. पण विचारलं होतं मयताच्या जावयानंच, त्यामुळे कोणाला काही बोलता येईना.

मी कारध्याच्या शाळेत बारावीची वर्गशिक्षिका. रोज भंडाऱ्याहून पूल ओलांडून स्कूटीवर येते. या दोन मार्कांचा इतिहास पहिल्याच आठवड्यात मला तोंडपाठ झाला. एका जुन्या मालगुजारानं, म्हणजे इथल्या जमीनदारानं, ट्रस्ट करून ठेवला होता. शाळेत पहिला येईल त्याच्या कॉलेजचा, वसतिगृहाचा सगळा खर्च ट्रस्ट करणार. मालगुजाराचा बोर्डाच्या मार्कांवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून शाळेच्या वर्षभराच्या परीक्षांची बेरीज धरायची. आता ते हयात नाहीत, त्यामुळे समजूत कोणाची घालणार? आजही तसंच चालतं.

काकाजी आणि देवाजी एका बाकावरचे. मॅट्रिकच्या वर्षी देवाजी शाळेत पहिला आला, स्कॉलरशिप त्याला मिळाली. काकाजींचं कॉलेज राहिलं, ते पोस्टात लागले. देवाजीनं कॉलेज कसंबसं एक वर्ष केलं. तेवढ्यात वडील गेले, आणि तो जाळं घेऊन नदीवर परत आला. याला आता पन्नासच्या वर वर्षं झाली.

दर रविवारी काकाजी त्याच्याकडे मासे घ्यायला जातात. मी मुद्दाम उभी राहून ऐकलंय.

"काटा नीट धर बे. कमी भरून राहिलं."

"दोनच मार्क कमी असन, पाहून घे."

"पेपर तपासणारा तुह्या मामाचा दोस्त होता."

"अन् तुले भूमिती येत नव्हती."

एवढं झाल्याशिवाय रोहू पिशवीत पडत नाही. मग एका चहात दोघं, आणि कप कोणाला, बशी कोणाला यावरून पुन्हा तंटा.

रिटायर झाल्यापासून काकाजींनी गावातल्या सगळ्या बेरजा अंगावर घेतल्या आहेत. किराण्याचं बिल असो, नाहीतर लग्नातल्या पत्रावळी, यांची लाल-निळी पेन्सिल बाहेर. पोस्टातली सवय, बेरीज आधी वरून खाली, मग खालून वर. दोन्ही जुळल्या तरच खरी. त्यामुळे त्यांचा एक मंत्रच झालाय, "वरून खाली झाली. आता खालून वर करा." मी वर्गाची यादी बोर्डावर लावली, की दुसऱ्या दिवशी हे हजर. मला याचा इतका राग यायचा, म्हणून सांगते! माझी एकोणीस वर्षं नोकरी झाली, आणि हे मला बेरीज शिकवणार.

या वर्षी पहिला आला वेदांत, गावच्या राइस मिलवाल्यांचा मुलगा. त्याच्या वडिलांनी त्याच दिवशी शाळेत पेढे वाटले. चार मार्कांनी दुसरी आली प्राची बावणे, देवाजीची नात. तिला नागपूरला नर्सिंग करायचं होतं. स्कॉलरशिप मिळाली तर नागपूर, नाहीतर आजोबांशेजारी तराजू धरून बसायचं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. यादी लावताना माझा जीव तुटत होता. पण मार्क म्हणजे मार्क.

दुसऱ्या दिवशी काकाजी स्टाफरूमच्या दारात.

"मॅडम, रजिस्टर दाखवा बरं. पोरीची बेरीज मले खटकून राहिली."

"काकाजी, मी दोनदा तपासलीय!"

"वरून खाली दोनदा. आता खालून वर करा."

रागारागानं मी रजिस्टर आपटलं त्यांच्यापुढे. त्यांची पेन्सिल चढत चढत मराठीच्या तोंडी परीक्षेवर येऊन थांबली. रकाना कोरा!

"पुलावर गिऱ्हाइकाशी बोलताना या पोरीले ऐकलं का कधी? बावण्याच्या घरचं माणूस, अन् तोंडीत कोरं? कसं जमन मॅडम?"

त्या दिवशी प्राचीला ताप होता. आठवड्यानं तिची तोंडी मी स्टाफरूममध्ये घेतली, आणि मार्क समासात पेन्सिलीनं लिहून ठेवले. मागून पेनानं चढवू म्हटलं. ते मागून कधी आलंच नाही. समासात बारीक अक्षरात होते अठरा मार्क. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

मग व्हायचं ते रामायण झालं. मिलवाले हेडमास्तरांच्या टेबलावर हात आपटून म्हणाले, "पेढे वाटले आम्ही! आता नंबर बदलता?"

काकाजी शांतपणे म्हणाले, "पेढे बेस होते भाऊ. परत घेऊन जा म्हणून कोण म्हणते?"

हेडमास्तर घाबरट. म्हणाले, जाहीर झालेला नंबर बदलल्याचा जुना दाखला आणा. मी दोन दिवस शाळेच्या अडगळीच्या खोलीत जुनी रजिस्टरं उपसली. शिंका, पाली, सगळं सोसलं. चूक माझी होती ना! शेवटी एक दाखला सापडला, सहीशिक्क्यासकट. आणि खरं सांगू का, वेदांत स्वतःच बापाला म्हणाला, "बाबा, ते मार्क तिचेच आहेत. चला घरी." प्राची पहिली आली. त्या पोराला मी मनापासून शाबासकी दिली.

पण त्या ढिगात मला आणखी एक रजिस्टर मिळालं. काकाजींच्या मॅट्रिकचं. आता तुम्हीच सांगा, न उघडता राहवलं असतं का? मी रामटेके यशवंतच्या ओळीवर बोट ठेवून बेरीज केली. वरून खाली केली, खालून वर केली. पाच मार्क कमी धरले होते! म्हणजे काकाजी दुसरे नव्हतेच. तीन मार्कांनी पहिले होते.

मी ओरडणारच होते, तेवढ्यात त्या बेरजेशेजारी फिकट निळ्या पेन्सिलीतला आकडा दिसला. खरी बेरीज. लिहून बोटानं पुसायचा प्रयत्न केलेला. सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ. तसा सात सगळ्या कारध्यात एकच माणूस काढतो.

मी तशीच काकाजींच्या घरी गेले. ते अंगणात सूप घेऊन लाखोळीची डाळ निवडत होते.

"काकाजी, तुम्ही पहिले होते!"

"हळू बोला. खालून वर केली का?"

"केली."

"तीन?"

"तीन."

"बरोबर हाय," म्हणाले, आणि एक खडा बाजूला टाकला.

मग त्यांनीच सांगितलं. पोस्टात नवीन लागले तेव्हा ते शाळेचं टपाल घेऊन आले होते. हेडमास्तर चहाला गेले, आणि यांनी रजिस्टर काढून पाहिलं.

"मंग सांगितलं काहून नाही?"

हो, माझ्याही तोंडून 'का'ऐवजी काहूनच निघालं.

"सांगाले जाऊनच राहिलो होतो मॅडम. पुलावर देवाजी भेटला. बाप जाऊन पंधरा दिवस झाले होते त्याचा. मुंडन केलेलं, खांद्यावर जाळं. मले म्हणे, यशवंत्या, कॉलेज तं गेलं. पण पहिला मीच होतो ना बे?"

काकाजींनी सूप खाली ठेवलं.

"मी म्हटलं, हो. दोन मार्कानं."

"कॉलेज मले नाही भेटलं, त्याले भेटून सुटलं," ते म्हणाले. "एक नंबर तेवढा उरला होता. तो बी काढून घेऊ का त्याचा?" मी पदरानं डोळे पुसायला लागले, तर म्हणतात, "रडून नका राहू, डाळ ओली होईन. अन् तो निळा आकडा नीट खोडा. माह्याच्यानं गेला नव्हता."

मी दुसऱ्याच दिवशी चांगलं रबर घेऊन खोडला. हे लिहिताना नावं बदलली आहेत, काकाजींना तसा शब्द दिलाय. कारध्यात मासे विकणारे पुष्कळ आहेत.

स्कॉलरशिपच्या कार्यक्रमाला भंडाऱ्याहून एक साहेब आले होते. प्राचीनं पाकीट घेतलं आणि थेट येऊन आजोबांच्या हातात दिलं. देवाजी इस्त्रीच्या शर्टात नवरदेवासारखा अवघडून बसला होता, आणि शेजारी काकाजी त्याची कॉलर सरळ करत होते. साहेब खाली उतरून सगळ्यांना भेटायला लागले. काकाजी उठले, हात जोडले.

"दोन मार्कानं दुसरा. यशवंत रामटेके, कारधा."

साहेब गोंधळले. नुसतंच "अच्छा, अच्छा" म्हणून पुढे निघाले! काकाजींचे जोडलेले हात तसेच राहिले. मला काही ते बघवेना. मागच्या रांगेतून मी मोठ्यानं ओरडले, "अहो काकाजी, मग पहिला कोण?"

साहेब थांबले. सगळी शाळा वळून पाहायला लागली. काकाजींनी देवाजीचा हात धरून त्याला उभं केलं.

"पुरे ना बे यशवंत्या," देवाजी लाजून पुटपुटला, "दर वेळी काय तेच!"

"चूप बस," काकाजी म्हणाले, आणि साहेबांकडे वळले. "हा! देवाजी बावणे. गणितात सत्त्याण्णव!"