कडूबाईची उचल

लिंबागणेशपासून आष्टीपर्यंत कुणालाही विचारा, गुप्तहेर शहादेव कोण? लोक म्हणतील, माहीत नाही. इतका मी गुप्त आहे. समोरच्या माणसाने सकाळी काय खाल्लं, हे मी त्याच्या मिशीवरून सांगतो. बायकांच्या बाबतीत ही पद्धत थोडी कमी पडते. आजवर सात प्रकरणं हाताळली. त्यातली चार मी पोचण्याआधीच सुटलेली होती, यावरून माझा दरारा लक्षात यावा.

गेल्या आठवड्यात एका सकाळी कडूमावशी रिकामी पिशवी घेऊन दारात आली. वय सत्तर, चार शेळ्या, घरात एकटी. मुलगा बजरंग आणि सून दिपाली दिवाळीनंतर दोन्ही लेकरांना घेऊन सांगलीकडे ऊसतोडीला गेलेले.

“शादेवा, माझं राशन कुनीतरी नेलं रं! दुकानदार हरिओमनं मशिनीवर माझा आंगठा घेतला आन् म्हणला, उचल झालीय. म्या कुनाची उचल घेतली न्हाई! या वयात मला उसाच्या फडात नेत्याल का?”

रेशनवाल्यांच्या भाषेत उचल म्हणजे धान्य नेणं. पण आमच्या भागात उचल म्हणजे ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. ती घेतली की कोयता उचलून जावंच लागतं. मावशीला वाटलं, आपल्या नावावर कुणीतरी तीच उचल घेतलीय. मी मात्र खूश झालो, कारण एवढं मोठं प्रकरण पहिल्यांदाच आलं होतं.

“घरात पीठ किती?” मी वही काढली.

“दोन दिसाचं. लई ताणलं तर तीन.”

मुदत तीन दिवस, असं मी लिहून घेतलं आणि थेट मुंजाजी मुकादमाचं घर गाठलं.

“मावशीच्या नावावर उचल कुणाला दिलीस? खरं बोल बे!”

मुंजाजी शांतपणे तंबाखू मळत म्हणाला, “आमच्यात एक कोयता म्हंजी नवरा-बायकोची जोडी लागती. म्हातारीसंगं तुमी येता का?”

पुराव्याअभावी मी त्याला सोडून दिलं.

मग दुसरा तर्क आला: अंगठाचोरी. भिंगाखाली मावशीचा अंगठा तपासला. रेषा जवळजवळ गायब. म्हणजे चोराने धान्यासोबत रेषाही लांबवल्या होत्या!

“खुरप्यानं गेल्यात त्या,” मावशी म्हणाली. खुरपं संशयितांच्या यादीत नसल्याने मी ते लिहिलं नाही.

रेशन दुकानासमोर रांग होती. मी सगळ्यांना संशयित जाहीर केलं आणि घरून आणलेल्या हळदीत बुडवून बावीस अंगठ्यांचे ठसे कागदावर घेतले. त्यानंतर मशीनची काच अशी पिवळी झाली की ते एकाचाही अंगठा घेईना.

“शादेवराव,” हरिओम म्हणाला, “एका म्हातारीचं राशन गेलं व्हतं. तुमी आख्ख्या गावाचं घालवलं.”

रांगेतल्या मुक्ताबाईंनी मला माझ्याच सदऱ्याने काच पुसायला लावली. मी ती पुरावा जपण्यासाठी पुसली, भीतीने नव्हे.

संध्याकाळी घरी मी तिसरा तर्क मांडत होतो. मशीनची रेंज दिल्लीपर्यंत, म्हणजे टोळी दिल्लीची. मावशी उंबऱ्याशी बसून ऐकत होती. आमची विमल भाकरी थापत म्हणाली, “आवो, बजरंगला फोन केला का?”

“गुप्तहेर फोन करत नसतो, माग काढतो.”

तिने पिठाच्या हातानेच फोन लावला. दिपालीने उचलला.

“दिपाली, तिकडं राशन घेतलं का गं?”

“घेतलं की काकी! हितल्याच दुकानात आंगठा लावला, सगळं दिलं. कार्ड आता कुठंबी चालतंय म्हनं. लेकरांना दोन येळा भात व्हतोय. आत्यानं घेतलं का तिकडं?”

“आगं, पाची जनांचं तिकडंच उचललं, तर हितं काय ऱ्हाईल?”

“कुठंबी म्हंजी दोन्हीकडं न्हाई व्हय?” दिपालीला रडू फुटलं. “आगं बया! आता आत्या काय खात्याल?”

मावशीने फोन ओढून घेतला. “रडू नगं. लेकरं जेवली ना? मग झालं. माझ्याकडं डबाभर पीठ हाय.”

माझ्या वहीत तीन दिवस लिहिलेलं होतं. मी वही मिटली.

कार्ड कुठेही चालण्याची योजना बरोबर, मशीन बरोबर, अंगठाही घरचाच. सगळं इतकं बरोबर असून मावशीची पिशवी रिकामीच होती. पुढच्या महिन्यापासून आपापला वाटा आपापल्या गावी घ्या, तसं चालतं, असं हरिओमने दुसऱ्या दिवशी सांगितलं. पुढच्या महिन्याचं पुढे. विमलने पायलीभर ज्वारी दिली, तर मावशी “म्या मागाया आले न्हाई” म्हणून निघून गेली. मला फार वाईट वाटलं, आणि गुप्तहेराला ते परवडत नाही.

म्हणून मी तिला समन्स काढलं. मुख्य साक्षीदाराने रोज दुपारी एक वाजता चौकशीला हजर राहावं, ठिकाण आमचं स्वयंपाकघर. चौकशी ताटावरच चालते. मावशी येताना तांब्याभर शेळीचं दूध आणते. मी ते पुरावा म्हणून जमा करून घेतो आणि चहात घालतो.

काल ती म्हणाली, “शादेवा, चोर सापडला, मग आजूक किती पुसायचं ऱ्हायलंय?”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिन्याचे उरलेले दिवस मोजले.

“बारा दिवसांचं,” मी म्हणालो, आणि विमलने तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.