गोरोभाऊंच्या एकमेव शुभेच्छुक

आमच्या सोसायटीच्या गेटवर एका सकाळी दहा फुटी फ्लेक्स लागला. 'कंदीलवाल्यांचा ढाण्या वाघ, पहाडी आवाजाचे धनी मा. गोरोभाऊ यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा!' मधोमध निळ्या केसांचा, बशीएवढ्या डोळ्यांचा, चित्रातला जपानी पोरगा. खाली शुभेच्छुक म्हणून एकच फोटो : साळवे बाई, गळ्यात शिट्टी.

पाण्याच्या टँकरवाल्यानं त्या पोराला अदबीनं नमस्कार केला. "भाऊ कोणत्या वॉर्डातून उभे हायेत?" त्यानं मला विचारलं.

मी सोसायटीची सचिव. गेटवर फ्लेक्स लावायचा नाही, हा नियम मीच केलाय. मी तरातरा बाईंच्या दारात गेले.

"कुणाच्या परवानगीनं लावला?"

"चौकात हरेक टवाळाचा लागतो, तेव्हा कुठं असता सेक्रेटरी? माझा गोरो दारू पीत नाय, वर्गणी मागत नाय. त्याचाच डोळ्यात खुपला व्हय?"

मी आणखी चिडले आणि पक्कड आणून फ्लेक्स उतरवला.

साळवे बाई चिकलठाण्याच्या एका शाळेत कवायत शिकवायच्या. बाई निवृत्त झाल्या, त्यांचा राग मात्र अजून नोकरीत आहे. दूधवाल्यानं पिशवी वाकडी टांगली की शिट्टी. लिफ्टचं दार कुणी उघडं ठेवलं की शिट्टी, आणि पाठोपाठ "चालणार नाय!"

पण सगळ्यात मोठा राग जपानवर. तिकडच्या कुणीतरी गाणाऱ्या पोरांचे दोन गट तयार केलेत. पोरं खरी नाहीत, चित्रात काढलेली. पण त्यांची गाणी आहेत, मालिका आहे, मोबाइलवर खेळ आहे, आणि दर वर्षी कोणता गट भारी यावर चाहत्यांनी मतं द्यायची असतात. एका गटाच्या कपड्यांवर कंदील, दुसऱ्याच्या लाटा. त्यांची जपानी नावं बाईंनी कधीच बाद केली. कंदीलवाले आपले. लाटवाले चोर.

मतदानाच्या आठवड्यात बाईंनी बागेत फिरणाऱ्या बायकांना रांगेत उभं केलं. "सावधान! मोबाइल काढा! कंदील शोधा! दाबा!" मीही दाबला. सकाळी सात वाजता शिट्टीपुढं कोण वाद घालणार? तरी लाटवालेच जिंकले. बाई दोन दिवस जेवल्या नाहीत. "सगळी पुढच्या रांगेतली चिकणी पोरं बघून मतं देतात. गोरो सगळ्यात थोराड, गुडघा दुखतो त्याचा, म्हणून मागं उभा करतात. मागच्या रांगेतल्याला शाबासकी कुणी द्यायची?"

हे वेड बाईंना लावलं ऋचानं, त्यांच्या भाचीनं. गंगापूरहून ती कॉलेजसाठी आली आणि चार वर्षं मावशीकडं राहिली. ऋचा लाटवाल्यांची, त्यातल्या मिनातोची. रविवारी दुपारी दोन ते चार सोसायटीत शांतता पाळायची असते. नेमक्या त्याच वेळेला या दोघींची जुंपायची.

"मावशी, तुझा गोरो गातो की म्हैस हाकतो?"

"आणि तुझा मिनातो? लई नटवा! पॅरेडला एक दिवस टिकणार नाय!"

मी दर रविवारी घंटी वाजवून दोघींना झापायचे. दोघी मिळून माझ्यावर उलटायच्या.

मग ऋचा नोकरीसाठी पुण्याला गेली. भांडणं काही महिने फोनवर चालली, तीही स्पीकर लावून. एका रविवारी मी घंटी वाजवायला गेले, तर आतून ऋचाचा दमलेला आवाज : "मावशी, मी आता ते बघत नाही गं. वेळच नसतो."

"मग लाटवाल्यांना मत कोण देणार?"

"कुणी का देईना."

बाईंनी फोन कापला. मी घंटी न वाजवताच परत फिरले. त्यानंतर रविवार शांत जाऊ लागले.

"हरली असती तर चाललं असतं," बाई मला जिन्यात म्हणाल्या. "मैदान सोडून गेली. आता मी बोंबलू कुणाच्या नावानं?"

"तुम्हीच लावा की फोन."

"मी? चालणार नाय!"

गेल्या रविवारी सकाळी गेटवर पुन्हा फ्लेक्स. मी पक्कड घेऊनच खाली उतरले. जवळ जाऊन पाहते तर पिवळ्या केसांचा पोरगा, अंगावर लाटा. 'मिनातोभाऊ यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा.' वाघ नाही, कोटी कोटी नाही. खाली शुभेच्छुक म्हणून ऋचाचा फोटो, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, मोठा केल्यामुळं फुटलेला.

बाई शेजारीच पाठ करून उभ्या होत्या. "काढा. मला बघवत नाय ते थोबाड."

"मग लावलंत कशाला?"

"वाढदिवस आहे त्याचा. इथं त्याचं होतं कोण? ती एकच होती." मग घसा खाकरून म्हणाल्या, "काढायच्या आधी एक फोटो घ्या. तिचा नंबर असेल तुमच्याकडं. माझं नाव सांगायचं नाय."

मी फोटो पाठवला. खाली लिहिलं : 'आपल्या नावे सोसायटीच्या गेटवर विनापरवाना फ्लेक्स आढळला आहे. खुलासा करावा.'

खुलासा मला आलाच नाही. दुपारी, ऐन शांततेच्या वेळेत, माझ्या भिंतीपलीकडं बाईंचा फोन वाजला आणि त्यांचा आवाज चढला. "काय? छोटा? व्हय, छोटाच! गोरोचा दहा फुटी, तुझ्या नटव्याला सहा फूट लई झाले! काय म्हणालीस? म्हैस? चालणार नाय! दिवाळीला ये, तोंडावर बोल!"

मी घंटी वाजवायला उठले आणि परत बसले.

फ्लेक्स अजून गेटवर आहे. येता-जाता लोक विचारतात, "सेक्रेटरी, नियमाचं काय झालं?" मला त्यांचा भयंकर राग येतो.