विशे सरांचं उघडं मीठ

विशे सरांच्या स्वयंपाकघरात मिठावर झाकण ठेवायला बंदी आहे. साखर झाका, दूध झाका, मीठ मात्र खिडकीत, बशीत, उघडं. सकाळी उठल्याबरोबर सर देवाआधी त्या बशीला भेटतात. मिठाला पाणी सुटलेलं दिसलं की वाकून हळूच विचारतात, "कुठून आलं?"

याचं उत्तर कोणी द्यायचं, मला कळेना. पहिल्या दिवशी मीच घाबरून म्हणालो, "सर, मी नाही सांडलं."

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली, ती सुटलीच. शहापूरला हायवेवरच्या ढाब्यावर पोळ्या लाटायचो. ढाबा बंद पडला, तेव्हा तिथं जेवायला येणाऱ्या सरांनी माझं नावही विचारलं नाही. "कुठून आलास?" एवढंच विचारलं आणि घरी घेऊन आले. तेव्हापासून त्यांचा स्वयंपाक करतो. एवढ्या लांब कोण कुणाला घरात घेतं? म्हणून हातून काही चुकेल याची धास्ती कायम.

सर मोठे शास्त्रज्ञ. रसायन आणि भौतिक यांच्या मधल्या बांधावर सगळी नोकरी केली, असं सांगतात. त्या बांधावर पिकलं काय, विचारलं तर एक पांढरी भुकटी दाखवतात.

"ही चाळ समज. नुसत्या खोल्याच खोल्या, सगळ्या रिकाम्या. रात्री हवेतलं पाणी भाडेकरू होऊन शिरतं. दिवसा ऊन तापलं की बाहेर पडतं. ते आपण धरायचं."

"एकदा हाकलल्यावर परत कशाला येतं, सर?"

सर एकदम खूश. "अरे, यातच माझी निम्मी नोकरी गेली!"

मी दिवसभर खाली मान घालून वावरलो. मला वाटलं, आपण काहीतरी लागेल असं बोललो.

अंगणात काचेची पेटी आहे. तळाशी भुकटी. दुपारी आतून थेंब ओघळतात, ते सर बाटलीत जमवतात. दिवसाला चमचाभर. शेजारचे भोईर कुंपणावरून ओरडतात, "सर, हंडा कदी भरनार?" सर म्हणतात, "आधी चमचा तर समजू दे."

बाटली आक्कासाठी. आक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. खर्डीच्या पुढच्या एका पाड्यावर दोघं वाढली. आजूबाजूला धरणं, त्यांचं पाणी मुंबईला, आणि पाड्याची विहीर होळीलाच कोरडी. आक्का शाळा सोडून डोंगराखालून पाणी आणायची, म्हणून सर शाळेत गेले. एकदा लहानग्या सरांनी मिठाच्या गाडग्यात पाणी साचलेलं पाहिलं. म्हणाले, "आक्के, मिठाला घरबसल्या पानी मिळतं, तू कशाला जातेस? मी देईन तुला आनून."

आक्का आता मुरबाडात, सिद्धगडाच्या पायथ्याशी. उन्हाळ्यात अजून टँकरची वाट बघते. सर कित्येक वर्षांत तिच्याकडे गेलेले नाहीत. पिशवी भरलेली असते, पण "बाटली भरू दे, रिकाम्या हातानं कसा जाऊ?" आणि बाटली गळ्याशी आली की पाणी शुद्ध आहे का, अशी सरांना शंका येते. तपासायला म्हणून ओततात, पुन्हा पहिल्यापासून सुरू. पेढे घेऊन जा की, असं माझ्या अगदी ओठांवर यायचं.

यंदा वैशाखात सर बाजारात गेले होते, आणि दारात एक म्हातारी. नऊवारी, हातात करवंदांचा डबा. "विशांचं घर ना रं ह्ये? मी आक्का. त्यो येत नाय, मग मीच आले."

मी गॅस बंद करेपर्यंत तिनं मिठाच्या बशीजवळची बाटली उचलून पेल्यात रिकामी केली, पेला तोंडाला लावला.

"आक्का, ते नको!"

"का? इख हाय का?"

"नाही... पाणीच आहे."

"मंग?"

तेवढ्यात सर आले. त्यांनी रिकामी बाटली पाहिली, मग आक्काला. मी मनात हिंगोलीची गाडी धरली.

"आक्के," सर म्हणाले, "कसं होतं?"

"काय?"

"पाणी."

"पान्यासारकं. गार नव्हतं, पन तान गेली." तिनं पदराआडून पेला पुढे केला. "अर्दं ठेवलंय तुला. उनातून आलास."

सरांनी ते उभ्यानंच प्यायलं. ते कसलं पाणी, हे आक्काला सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी मान हलवून गप्प केलं. का, ते मला कळलं नाही.

आक्काचं लक्ष खिडकीकडे गेलं. "मीठ उगडं कोन ठेवतं रे? पानी सुटलंय बघ."

मी सरांकडे पाहिलं.

"झाक रे," सर म्हणाले.

मी झाकलं. आक्का करवंदं निवडायला बसली, सर तिच्या शेजारी जमिनीवर, पेला दोन्ही हातांत धरून. मी धुवायला मागितला, तर दिला नाही.